फाटकासमोरचा पाऊण तास

फेब्रुवारी २०२३ मधल्या एका गुरुवारी संध्याकाळी मी साताऱ्यात राजवाड्याच्या बाजूच्या एका शाळेच्या फाटकासमोर उभी होते. मुख्याध्यापिका बाईंनी मला दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावले होते, त्यामुळे आत जाण्याचे काही कारण नव्हते. मला फक्त शाळा सुटताना पाहायची होती. पाच वाजता घंटा झाली आणि मुले बाहेर आली. त्यांतली किती चालत निघाली, किती सायकलवर, किती रिक्षात कोंबली गेली आणि किती जणांना घ्यायला कोण आले होते, हे मी पाहत राहिले. बहुतेक मुले तीन-चारच्या घोळक्यांनी पायीच निघाली. पाऊण तासाने फाटकाशी एकच मुलगी उरली होती. शिपाईमामा कुलूप हातात घेऊन तिच्याशेजारी पायरीवर बसले आणि तिची आजी येईपर्यंत तिथून हलले नाहीत. साताऱ्याला यायचे हे त्या पायरीकडे पाहून ठरले असे म्हटले तर ते खरे होणार नाही, कारण त्यानंतरही कित्येक दिवस मी हिशेब मांडत आणि मोडत होते. पण माझ्या वहीतली त्या शहराबद्दलची पहिली नोंद त्या पायरीची आहे.

ती वही मी डोंबिवलीत सुरू केली होती. २०२१ च्या अखेरीस आमचा परस्परसंमतीने घटस्फोट झाला, तेव्हा लेक तिसरीत होती. माझे ऑफिस दादरला, एका चार्टर्ड अकाउंटंटकडे. पगार ४८ हजार. घराचे भाडे १५ हजार, पाळणाघराचे साडेपाच हजार, शाळेच्या व्हॅनचे १,८०० आणि वर्षाला ६८ हजार शुल्क असलेल्या इंग्रजी शाळेचा माझा अर्धा वाटा, कारण दुसरा अर्धा तिचे बाबा देत. सारे मिळून महिन्याला २५ हजारांच्या आसपास जात. काटकसरीने हे जमण्यासारखे होते आणि जमतही होते. म्हणून बराच काळ मला कळत नव्हते, की पैसे पुरत असूनही आपण दर महिन्याला कशाने इतके कोसळतो आहोत. मग एका रविवारी मी रुपयांच्या रकान्याशेजारी तासांचा रकाना आखला. सकाळी ७.३५ ला घर सोडणे, रात्री आठला परतणे. पाळणाघर बंद होण्याची वेळ साडेसात. रोजचा तो अर्धा तास मी कुणाच्या तरी सौजन्यावर जगत होते.

जुलै २०२२ मधल्या एका पावसाळी रात्री लोकल ठाण्याच्या पुढे दोन तास उभी राहिली. पाळणाघरातल्या काकूंनी लेकीला जेवू घातले, स्वतःच्या अंथरुणावर निजवले, आणि मी साडेदहाला पोहोचले तेव्हा एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्यांचे ते न बोलणे मी आजही विसरलेले नाही. दोघे पालक असतात त्या घरात एक गाडीत अडकला तर दुसरा दार उघडतो. एकट्या पालकाच्या घरात दार उघडायला दुसरे कुणी नसते, आणि म्हणून अशा घरासाठी स्वस्त जागा म्हणजे कमी भाड्याची जागा नव्हे, तर जिथे घर, शाळा, काम, दवाखाना आणि किराणा ही सारी ठिकाणे एका माणसाच्या पायांच्या टप्प्यात येतात ती जागा, हे मला त्या रात्री दिव्याहून डोंबिवलीला येताना स्पष्ट दिसले. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी असे म्हटले आहे. ज्यांनी हे अंतर ठरवले त्यांच्या डोळ्यांसमोर लहान मुलांचे पाय असणार. मला त्यात माझी संध्याकाळ दिसली.

पहिला विचार अर्थातच पुण्याचा होता. तिथे दोन शनिवार मी घरे पाहत हिंडले आणि एवढेच लक्षात आले, की चांगल्या शाळेच्या आसपासच्या घराच्या भाड्यात ती शाळा आधीच मोजलेली असते. आणि भाडे परवडते तिथून शाळेची बस तास-सव्वा तास घेते. म्हणजे डोंबिवलीचाच हिशेब नव्या पत्त्यावर मांडायचा. नाशिक आणि कोल्हापूर यांचाही विचार झाला. साताऱ्याचे नाव ऑफिसमधल्या एका सहकारी मैत्रिणीने सुचवले, जिचे माहेर तिथले. तिचे कारण साधे होते. पुण्यापासून साधारण ११० किलोमीटर, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या तिच्या बाबांना लेकीला पुण्यात भेटणे अवघड नाही. गावातल्या पेठा एकमेकींना लागून. आणि जुन्या, अनुदानित, चालत्या मराठी शाळा.

साताऱ्याला शाळांचे गाव म्हणण्यामागे मोठा इतिहास आहे आणि तो मला त्या दिवसांत धीर देणारा वाटला, म्हणून थोडा सांगते. सैन्यातून निवृत्त झालेले रामजी आंबेडकर कुटुंबासह इथे राहत होते. त्यांच्या मुलांची आई इथेच वारली आणि आत्या मीराबाईंनी मुलांना सांभाळले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव राजवाड्यातल्या सरकारी हायस्कूलमध्ये, आताच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, इंग्रजी पहिलीत दाखल झाले. २०१७ पासून राज्यात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. इंग्रजी पहिली म्हणजे आजच्या हिशेबाने पाचवी, आणि माझी लेकही पाचवीतच जाणार होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. इथल्या वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले. आईबापांपासून दूर आलेल्या, पोरक्या, वेगवेगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवून ज्या गावाने शिकवले, तिथे एका आईबरोबर आलेली एक मुलगी फार वेगळी ठरणार नाही, असे मी मनाशी म्हणत असे. इतिहासाने वर्तमानाची हमी मिळत नाही हे मला कळत होते. म्हणूनच मी फाटकासमोर जाऊन उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेच्या आत गेले. इथे मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण शाळा निवडताना आपण ज्या गोष्टी विचारतो त्यांतल्या बऱ्याच निरुपयोगी असतात असे माझे ठाम मत झाले आहे. दहावीचा निकाल किती टक्के, हा प्रश्न मी विचारला नाही. तो आकडा बहुधा शाळेने पाचवीत कुणाला घेतले आणि नववीत कुणाला गाळले यांचा असतो. मी पाचवीच्या दोन-तीन वह्या पाहायला मागितल्या. बाई क्षणभर थबकल्या, मग त्यांनी वर्गातून मागवल्या. त्यांत लाल शाईच्या नुसत्या बरोबरच्या खुणा नव्हत्या. एका मुलाच्या निबंधाखाली दोन ओळी लिहिलेल्या होत्या, की बैलाचे वर्णन छान झाले आहे, पण तुझ्या काकांनी तो का विकला ते लिहायचे राहून गेले. ते वाक्य मी वहीत उतरवून घेतले. ग्रंथालयाच्या कपाटाला कुलूप आहे का ते पाहिले. कुलूप नव्हते आणि पुस्तकांच्या कडा मळलेल्या होत्या. मुलींचे स्वच्छतागृह पाहिले. पाणी होते, एका दाराची कडी तुटलेली होती. वर्गाचा पट ५८ चा होता, आणि तो मला जास्त वाटला, आजही वाटतो.

शुल्काबद्दल विचारले तेव्हा बाई म्हणाल्या, “अहो, आपली अनुदानित शाळा. शिक्षकांचा पगार शासन देतं. वह्या, गणवेश, सहल धरून वर्षाला चार-पाच हजारांच्या वर खर्च जात नाही.” गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सारे मराठीतून, म्हणजे ज्याला आपण सेमी इंग्रजी म्हणतो ते. आणि पाचवीत जागा मिळणे सोपे, कारण अनेक प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच असतात आणि पाचवीला गावातली मुले नव्याने हायस्कुलात येतात. माझी लेक एकटीच नवी असणार नव्हती; अर्धा वर्ग नवा असणार होता. ज्यांना मुलाची शाळा बदलणे भाग आहे त्यांनी शक्य असेल तर हा सांधा गाठावा.

मग नोकरीचा प्रश्न होता. आमच्या कामात महिन्याची ११ तारीख आणि २० तारीख या दोन भिंती असतात. ११ पर्यंत विक्रीचे जीएसटी विवरणपत्र, २० पर्यंत कर भरण्याचे. बाकी काम कुठे बसून केले याने फरक पडत नाही, हे टाळेबंदीत सिद्ध झालेच होते. साहेबांनी घरून काम मान्य केले, महिन्यातून एकदा मुंबईला येण्याच्या अटीवर आणि पगार ४० हजारांवर आणून. मी ते स्वीकारले. हे सारे ज्यांना शक्य नाही त्या एकट्या आयांचा विचार माझ्या मनातून जात नाही. जी परिचारिका आहे, जी दुकानात उभी राहते, जी चार घरी पोळ्या करते, तिचे काम शहरातच असते, आणि तिला स्वस्त गावाचा सल्ला देणे ही क्रूरता आहे.

सर्वांत अवघड बोलणे लेकीच्या बाबांशी होते. आमच्या संमतीच्या अटींमध्ये भेटीचे दिवस आणि ठिकाण लिहिलेले होते, आणि मुलीला घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात जायचे तर त्या अटी बदलून घेणे मला कायद्याने आणि मनानेही आवश्यक वाटत होते. त्यांची भीती खरी होती. इंग्रजी शाळेतून काढून मराठी शाळेत घातलेली मुलगी मागे पडेल, आणि आपण तिच्या आयुष्यातून हळूहळू पुसले जाऊ. पहिल्या भीतीला मी वह्यांविषयी सांगितले. दुसरीला उत्तर नव्हते. फक्त वेळापत्रक होते. दर महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार पुण्यात, मी लेकीला एसटीने स्वारगेटला नेणार, ते मुंबईहून येणार, रविवारी संध्याकाळी परत. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट झाले आणि तिचे तर वयाने निम्मेच होते, त्यामुळे हा प्रवास आम्हाला परवडू लागला. वकिलांनी नव्या अटी तयार केल्या. लेकीच्या बाबांनी सही केली तेव्हा त्यांचा हात थरथरत होता, आणि ते पाहून त्यांच्याबद्दलचा माझा बराच जुना राग निवळला.

घर शोधायला एप्रिलमध्ये तीन वेळा गेले. दोन ठिकाणी “आम्ही फॅमिलीलाच देतो” असे सांगून नकार मिळाला. मी आणि माझी मुलगी मिळून आमची फॅमिली होते, हे वाक्य मी दोन्हीकडे शांतपणे म्हटले, आणि दोन्हीकडे त्याचा उपयोग झाला नाही. तिसरे घर यादोगोपाळ पेठेत मिळाले. दोन खोल्या, वर पत्रा नाही तर स्लॅब, खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो, भाडे सात हजार. मालक एसटीतून निवृत्त झालेले काका. काकूंनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “पोरगीची शाळा कुठली? मग तर हितनं धा मिन्टं लागत्यात.” अकरा महिन्यांचा करार रीतसर नोंदवला. आम्ही राहायला आलो त्या संध्याकाळी काकू म्हणाल्या, “दुसरी किल्ली हिकडं ठेव. तू मुंबईला गेलीस आन् पोरगी आली, तर दारात बसल व्हय?” त्यांच्या स्वयंपाकघरात देवाच्या फोटोखाली एक खिळा होता. तेव्हापासून आमची किल्ली त्या खिळ्याला आहे. डोंबिवलीत सहा वर्षांत माझ्या घराची दुसरी किल्ली माझ्याच पर्समध्ये होती.

जुन्या शाळेने मात्र दाखला द्यायला वेळ लावला. आधी पुढच्या वर्षाच्या शुल्काचा मुद्दा निघाला, मग सही करणारे रजेवर होते, मग वडिलांचे पत्र हवे झाले. मी तीन वेळा मुंबईची फेरी केली. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे सरकारी वा अनुदानित शाळेत जाणाऱ्या मुलाचा दाखला मुख्याध्यापकांनी ताबडतोब द्यायचा असतो, आणि तो यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. हे कलम मी छापून नेले होते. साताऱ्यातल्या बाईंना ते दाखवावे लागले नाही, त्या म्हणाल्या, “दाखला येईल तेव्हा येईल. १५ जूनला मुलगी वर्गात पाहिजे.” प्रवेश अर्जावर पालकाच्या नावाच्या ओळीत मी माझे नाव लिहिले. बाईंनी ते वाचले आणि पुढची ओळ भरायला सांगितली. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आईही नैसर्गिक पालक असू शकते असा निर्णय दिला, आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्याने आईचे नाव आणले. पण अर्जावरच्या ओळीवर पेन टेकवताना छातीत जे होते ते अजून तसेच होते.

पहिले सहा महिने लेकीला जड गेले, आणि ते मी कुठल्याही सुंदर शब्दांत झाकणार नाही. तिला मराठी बोलता येत होते, पण वाचताना ती जोडाक्षरावर अडखळे आणि वर्गात हसू उठे. परिसर अभ्यासाचे पुस्तक ती घरी आणून माझ्यापुढे टाकी आणि म्हणे, “आई, हे मला इंग्लिशमध्ये सांग.” त्यातच त्या वर्षापासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू झाली, ज्यात मुलाला मागे ठेवता येते. रात्री ती झोपल्यावर मी तिची वही उघडून बसे आणि स्वतःला विचारी, की माझ्या संध्याकाळच्या सुटकेची किंमत ही मोजते आहे का. वर्गशिक्षिकांनी ट्यूशन लावू नका असे स्पष्ट सांगितले. त्यांनी एका मुलीला तिच्याशेजारी बसवले, जी गणिताच्या इंग्रजी शब्दांना घाबरत असे. एकीने दुसरीला धडा वाचून दाखवायचा, दुसरीने पहिलीला गणित समजावायचे. त्या वर्षी ७ नोव्हेंबरला मी लेकीला घेऊन प्रतापसिंह हायस्कूलवरून गेले आणि इंग्रजी पहिलीतल्या मुलाची गोष्ट सांगितली. तिने विचारले, “त्यांना इंग्लिश कठीण गेलं का, मला मराठी जातं तसं?” मी म्हटले, गेले असेल. मार्चपर्यंत ती अडखळत का होईना, पण न थांबता वाचू लागली, आणि सहावीत गेली.

साताऱ्यात डोंबिवलीतली अनोळखी राहण्याची सोय नाही. भाजीवाली, रिक्षावाले काका, मंगळागौरीला बोलावणाऱ्या बायका, सगळ्यांनी मला “मिस्टर कुठं असत्यात?” हे विचारले. पहिल्या वर्षी मी “मुंबईला” म्हणत असे, जे खरेही होते आणि खोटेही. मग एकदा लेकीने माझ्यासमोर उत्तर दिले, “बाबा मुंबईला राहतात, आई आणि मी इथे राहतो,” आणि भाजीवाली “बरं” म्हणून कोथिंबीर निवडू लागली. तेव्हापासून मी तिचे वाक्य वापरते. शाळेच्या फाटकाशी भेटणाऱ्या आयांत मी एकटी नाही हेही हळूहळू कळले. तिच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील करोनात गेले. त्यांच्या घरी शासनाच्या बालसंगोपन योजनेबद्दल कुणालाच माहिती नव्हती. एक पालक असलेल्या मुलाला महिन्याला २,२५० रुपये मिळतात, असे मी एका शासन निर्णयात वाचले होते. त्या आईबरोबर मी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात दोनदा गेले. कागदपत्रांची जुळवाजुळव माझ्या कामाचाच भाग आहे. तिथे ती पहिल्यांदा मला मोलाची वाटली.

गमावले तेही खूप आहे. डोंबिवलीत लेकीची जिवाभावाची मैत्रीण होती. पहिल्या वर्षी रोज व्हिडिओ कॉल होई, आता वाढदिवसाला होतो. माझ्या कामात मी जिथे पोहोचले असते तिथे आता पोहोचणार नाही, आणि कमी झालेले आठ हजार अजून पूर्ण भरून आलेले नाहीत. आई बडोद्याला भावाकडे असते. तिला यायला आता प्रवास बराच लांबला. लेकीला ताप चढला की रात्री दोन वाजता मी आजही एकटीच असते. फक्त आता जिन्याखाली एक दार आहे, जे ठोठावले की उघडते.

२०२५ च्या मेमध्ये करार पुन्हा करायचा होता. दर अकरा महिन्यांनी तेच कागद करण्याचा मला कंटाळा आला होता, म्हणून मी काकांना विचारले की यंदा एकदम तीन वर्षांचा करू या का. ते पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने काही मांडू लागले. सातवी, आठवी, नववी, असे पुटपुटत त्यांनी बोटे मोजली आणि मान हलवली.

“तीन कशाला? मग ऐन दहावीच्या तोंडावर घर हुडकत बसणार व्हय? चार करा.”